चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील काटेरी प्राणी : सायाळीची ओळख आणि सवयी

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेले चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. त्या दिवशी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. परंतु जंगलाला ही सीमा ठाऊक नाही. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस आणि बांबू यांचे पानगळीचे वन पसरलेले आहे. १९५५ साली घोषित झालेले ताडोबा राष्ट्रीय उद्यान, त्याला जोडून असलेले अंधारी अभयारण्य आणि या दोहोंचा मिळून १९९५ साली झालेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, तसेच गडचिरोलीतील चपराळा व भामरागड ही अभयारण्ये याच पट्ट्यात येतात. या वनांविषयी जे लिहिले व वाचले जाते, त्यात वाघ, बिबट, गवा, अस्वल यांना मोठे स्थान असते. रात्री फिरणारे, दिवसा बिळात राहणारे लहान सस्तन प्राणी मात्र अभ्यासकाच्या नजरेतून सहसा निसटतात.

अंगावर काटे असलेला प्राणी हे याचे उत्तम उदाहरण होय. इंग्रजी पुस्तकांतून, बालवाङ्मयातून आणि दूरचित्रवाणीवरून काटेरी प्राण्याचे जे चित्र मनावर ठसते, ते चेंडूसारखे गुंडाळून घेणाऱ्या 'हेजहॉग'चे असते. मराठीत त्यासाठी 'जाहक' असा शब्द आहे. परंतु तो ग्रंथांपुरताच राहिलेला आहे. त्यामुळे या भागातील विद्यार्थ्याने वा नव्या निरीक्षकाने रानात काटे पाहिले की त्याचे मन परक्या देशातील त्या प्राण्याकडे धाव घेते. वस्तुतः चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत काटे सोडून जाणारा प्राणी म्हणजे सायाळ, अर्थात साळिंदर होय. हा फरक केवळ नावाचा नाही. दोन्ही प्राण्यांचा गण, आहार, संरक्षणाची पद्धत व मनुष्याशी येणारा संबंध पूर्णतः भिन्न आहे. नाव चुकले की पुढील सर्व माहिती चुकीच्या प्राण्यास चिकटते. प्रस्तुत लेखात सायाळीची ओळख, रानातील तिच्या खुणा आणि तिच्या सवयी यांचा परामर्श घेतला आहे.

नावांचा जुना गुंता

काटेरी प्राण्यांच्या नावांतील गोंधळ आजचा नाही. संस्कृत वाङ्मयात 'शल्यक' आणि 'श्वाविध' अशी दोन नावे शेजारीशेजारी येतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्य मानलेल्या पंचनखी प्राण्यांच्या यादीत ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. वाल्मीकिरामायणात मरणासन्न वालीने रामाला उद्देशून केलेल्या भाषणातही ती आढळतात. दोन नावे आहेत म्हणजे दोन प्राणी असले पाहिजेत, हे उघड आहे. पण कोणते नाव कोणाचे, याविषयी टीकाकार व कोशकार यांच्यात एकवाक्यता नाही. 'शल्य' म्हणजे टोचणारे टोक. 'सायाळ', 'साळू', 'साळिंदर' ही मराठी नावे याच शब्दकुळातील मानली जातात. 'श्वाविध' या नावाचा अर्थ मात्र अधिक बोलका आहे : कुत्र्याला विंधणारा. शिकारी कुत्रे घेऊन रानात जाणाऱ्यांनीच हे नाव ठेवले असले पाहिजे. कारण कुत्र्याच्या तोंडात व छातीत काटे रुतवणे हे सायाळीचेच काम आहे. जाहकाच्या आखूड काट्यांनी कुत्रा हैराण होतो, विंधला जात नाही.

सायाळीच्या काट्याने धर्मविधीतही स्थान मिळविले आहे. गृह्यसूत्रांत सांगितलेल्या सीमंतोन्नयन संस्कारात गर्भवतीचा भांग पाडण्यासाठी तीन ठिकाणी पांढरा असलेला सायाळीचा काटा वापरावा, असे विधान आहे. आणि तोच काटा घरात ठेवला तर भांडणे लागतात, ही समजूतही लोकांत तितकीच रूढ आहे. एकाच काट्याविषयी अशा दोन टोकाच्या भावना का निर्माण झाल्या, हा लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांसाठी वेगळा विषय ठरेल. येथे एवढेच नोंदवावयाचे की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा काटा भारतीय समाजाला फार पूर्वीपासून नेमका परिचित होता.

जाहक आणि सायाळ : मूलभूत भेद

प्राणिशास्त्रीय दृष्ट्या सायाळ ही कृंतक गणातील, म्हणजे उंदीर, खार यांच्या वर्गातील आहे. तिचे शास्त्रीय नाव 'हिस्ट्रिक्स इंडिका' असे असून ते कर याने १७९२ साली दिले. जाहक पूर्वी कीटकभक्षी गणात गणला जात असे; चिचुंद्री हे त्याचे नातलग. म्हणजे या दोहोंच्या अंगावर काटे असले तरी त्यांचे परस्परांशी जवळचे नाते नाही. केसांचे काट्यांत रूपांतर होण्याची क्रिया प्राणिसृष्टीत एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे घडलेली आहे.

भारतात आढळणाऱ्या जाहकांपैकी भारतीय जाहक आणि लांब कानांचा जाहक हे मुख्यतः राजस्थान, गुजरात व वायव्येकडील शुष्क, वालुकामय व झुडपी प्रदेशात राहतात, तर मद्रास जाहक म्हणून ओळखली जाणारी जाती दक्षिणेतील कोरड्या भागातील आहे. बांबू व सागाचे दाट जंगल हा त्यांचा अधिवास नव्हे. हाच या विषयातील पहिला आणि सर्वांत सोपा निकष होय : प्राणी ओळखण्यापूर्वी भूमी ओळखावी.

दुसरा निकष आकाराचा. पूर्ण वाढलेल्या सायाळीच्या डोक्यासह धडाची लांबी ७० ते ९० सेंटिमीटर आणि वजन ११ ते १८ किलोग्रॅम असते. जाहक ओंजळीत मावतो. आकारात इतका फरक असताना गफलत होईल कशी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. गफलत होते ती पिल्लामुळे. सायाळीचे लहान पिल्लू आखूड काट्यांचे, गोलसर व लहान चणीचे असते. वणव्यात, बीळ खोदताना वा रस्त्यावर असे पिल्लू सापडले की ते जाहक वाटणे सहज शक्य आहे. अशा वेळी तोंडाकडे पाहावे. सायाळीच्या पिल्लाचे मुस्कट बोथट व रुंद असते आणि पुढे वर-खाली पटाशीच्या दातांची एकेक जोडी स्पष्ट दिसते. जाहकाचे मुस्कट चिचुंद्रीसारखे निमुळते व हलते असते, आणि त्याच्या तोंडात लहान अणकुचीदार दातांची रांग असते. सायाळीला एकूण २० दात असतात, जाहकाला ३६. रानात मृत प्राण्याची कवटी मिळाली तर एवढ्या गणतीवरून शंका मिटते.

तिसरा भेद वर्तनाचा आहे. त्वचेखालील वर्तुळाकार स्नायू आवळून जाहक आपले डोके, पाय व पोट आत घेतो आणि काट्यांचा गोळा होऊन पडून राहतो. सायाळ कधीही गुंडाळून घेत नाही. गुंडाळून घेणारा एक प्राणी मात्र या जंगलांत खरोखर आहे, आणि तो म्हणजे खवल्या मांजर. त्याच्या अंगावर काटे नसून एकावर एक बसलेले खवले असतात, तोंडात दात नसतात आणि तो मुंग्या-वाळवीवर जगतो. 'गोळा होणारा प्राणी दिसला' असे गावकऱ्याने सांगितले तर अंगावर काटे होते की खवले, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते. अवैध व्यापारामुळे खवल्या मांजराचे अस्तित्व धोक्यात आलेले असल्याने त्याची प्रत्येक खात्रीशीर नोंद मोलाची आहे. ती जाहकाच्या नावावर जमा होणे हे दुहेरी नुकसान होय.

काटे आणि त्यांचे कार्य

सायाळीच्या अंगावरील सर्व काटे एकसारखे नसतात. मान व खांद्यांवर लांब, लवचीक, आयाळीसारखे केस असतात. पाठीवर व कमरेवर जाड, ताठ, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काटे असतात. यांतील लांबच लांब काटे दिसावयास भयंकर, पण वाकणारे असतात. खरी इजा करतात ते त्यांच्या खाली दडलेले आखूड व जाड काटे. शेपटीवरील काटे आणखी वेगळे : ते पोकळ, टोकाला उघडे, नळीसारखे असतात. शेपूट हलविली की ते एकमेकांवर आपटून खुळखुळ्यासारखा आवाज होतो. अंधारात हा आवाज म्हणजे पहिला इशारा. त्यानंतर सायाळ काटे उभारते, गुरगुरते, मागचे पाय जमिनीवर आपटते. आणि तरीही शत्रू हटला नाही तर त्याच्याकडे पाठ करून वेगाने मागे वा तिरकी धाव घेते.

सायाळ काटे बाणासारखे फेकते ही समजूत जगभर आढळते. ती खरी नाही. काटे त्वचेत सैल बसलेले असतात. धडक बसताच ते शत्रूच्या अंगात राहतात, आणि अंग झटकताना एखादा गळूनही पडतो. अमेरिकेतील साळिंदराच्या काट्याला सूक्ष्म उलटे दाते असतात, तसे सायाळीच्या काट्याला नसतात. परंतु तो खोल जातो, त्वचेखाली तुटतो आणि जखम चिघळते.

वाघ आणि बिबट हे दोघेही सायाळीची शिकार करतात. अनुभवी जनावर तिला डोक्याच्या बाजूने गाठते. अननुभवी वा घाईला आलेले जनावर पंजा टाकते आणि फसते. जिम कॉर्बेट यांनी वर्णिलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीने सायाळीशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या पुढच्या उजव्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते. जखमेने अधू झालेली ही वाघीण नेहमीचे भक्ष्य पकडू शकली नाही आणि पुढे माणसांवर हल्ले करू लागली, असे कॉर्बेट यांचे प्रतिपादन आहे. कुमाऊँमधील हे एक उदाहरण घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीतील मानव-व्याघ्र संघर्षाचे स्पष्टीकरण देणे अर्थातच चुकीचे ठरेल. येथील संघर्षाची कारणे वाघांची वाढती संख्या, वनावलंबी उपजीविका आणि जंगलाचे तुकडे होणे यांत शोधावी लागतात. तथापि जेरबंद वा मृत वाघ-बिबट्याच्या पंजांची व जबड्याची काट्यांच्या दृष्टीने तपासणी करणे निश्चितच उपयुक्त आहे.

रानातील खुणा

सायाळ प्रत्यक्ष दिसणे हा योगायोग असतो. व्याघ्रगणनेसाठी लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत ती रात्रीच्या वेळी टिपली जाते. पण ज्याच्याकडे कॅमेरा नाही अशा विद्यार्थ्याला वा वनरक्षकालाही तिचा माग काढता येतो. किंबहुना सायाळीइतक्या स्पष्ट खुणा ठेवणारे लहान प्राणी थोडेच आहेत.

बीळ ही त्यांतील प्रमुख खूण. ओढ्या-नाल्यांचे मातीचे काठ, उतार, खडकांच्या कपारी अशा जागी सायाळ स्वतः बीळ खोदते किंवा आयती पोकळी रुंद करून घेते. तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग, गळालेले काटे आणि, नवख्याला चकित करणारी गोष्ट म्हणजे, हाडे असतात. या हाडांमुळे हे मांसभक्षक प्राण्याचे बीळ असावे असा समज होऊ शकतो. वास्तविक सायाळ शाकाहारी आहे. वनस्पतिज आहारात कमी पडणारे कॅल्शियम व फॉस्फरस मिळविण्यासाठी ती हाडे आणि चितळ-सांबराची गळालेली शिंगे कुरतडते. त्याच कुरतडण्याने सतत वाढणारे पटाशीचे दातही झिजतात. अशा हाडावर शेजारीशेजारी दोन सपाट खाचा दिसतात. कोल्हा वा तरस यांच्या सुळ्यांनी पडणारी भोके त्यावर नसतात.

ओल्या मातीत उमटणारे ठसे पूर्ण तळव्याचे असतात. पुढच्या पायाची चार बोटे स्पष्ट उमटतात, कारण आंगठा अतिशय लहान असतो. मागच्या पायाची पाच बोटे उमटतात आणि तो ठसा लांबट, लहान मुलाच्या पावलाची आठवण करून देणारा असतो. ठशांच्या आजूबाजूला लोंबत्या काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा दिसल्या तर शंकेला जागा उरत नाही. विष्ठा लांबट गोळ्यांच्या स्वरूपात, तंतुमय आणि बहुधा एकाच ठिकाणी पुंजक्याने पडलेली असते.

झाडांच्या बुंध्यांकडेही लक्ष द्यावे. सायाळ जमिनीलगत साल कुरतडते. राजस्थानातील सरिस्का येथे सायाळीने साल काढलेल्या झाडांचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. पळसासारख्या झाडाच्या बुडाशी रुंद समांतर दातखुणा दिसल्या तर ते सायाळीचे काम असण्याचा संभव मोठा असतो. गवा वा सांबर साल सोलतात तेव्हा ती उंचावर, लांब पट्ट्यांनी निघालेली असते.

आहार व दिनक्रम

कंद, मुळे, साल, गळालेली फळे आणि कोवळे कोंब हा सायाळीचा आहार होय. पावसाळ्यात बांबूचे जे कोंब फुटतात, ज्यांना या भागात वास्ते म्हणतात, तेही ती खाते; त्यामुळे बांबूच्या पुनरुत्पत्तीशी तिचा संबंध येतो. सागाच्या रोपवाटिकेत मुळे कुरतडली गेल्याचे नुकसान वनकर्मचाऱ्यांना परिचित आहे. दुसऱ्या बाजूने पाहता कंद उकरण्यासाठी ती जे खड्डे करते, त्यांत पालापाचोळा, बी आणि पाणी साठते. शुष्क प्रदेशात अशा खड्ड्यांत रोपे अधिक उगवतात, असे इस्रायलमधील नेगेव वाळवंटातील संशोधनातून पुढे आले आहे. तेथील निष्कर्ष मोसमी पावसाच्या वनास जसेच्या तसे लागू होणार नाहीत. येथे या दृष्टीने काम होण्यास भरपूर वाव आहे.

सायाळ पूर्णतः निशाचर आहे. अंधार पडल्यावर ती बाहेर पडते आणि उजाडण्यापूर्वी परतते. नेगेवमध्येच असेही दिसून आले की चांदण्या रात्री ती उघड्यावर येण्याचे टाळते. शेतराखणीच्या दृष्टीने ही माहिती उपयोगाची आहे : अमावास्येच्या आसपासच्या रात्री अधिक जोखमीच्या समजाव्यात.

नर-मादीची जोडी दीर्घकाळ एकत्र राहते व पिल्लांसह एकच बीळ वापरते. एका वेळी एक वा दोन, क्वचित अधिक पिल्ले होतात. जन्मतःच पिल्लाचे डोळे उघडे असतात आणि काटे मऊ असतात. ते लवकरच ताठर होतात. पिल्लांच्या संगोपनात नराचाही सहभाग असतो, ही गोष्ट कृंतक गणात तितकीशी सामान्य नाही. सायाळीचे बीळ इतरांनाही आसरा देते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सायाळ, अजगर आणि वटवाघळे एकाच बिळात राहत असल्याचे अभ्यासले गेले आहे. बिळात हात घालण्यापूर्वी हे वाक्य आठवावे!

शेती, शिकार आणि नोंद

जंगलालगतच्या वाड्यांतील रताळी, भुईमूग, मका आणि भाजीपाला यांचे सायाळीमुळे नुकसान होते. पंचनाम्यात नुकसान कोणत्या प्राण्याने केले हे लिहावे लागते, आणि येथे अचूक ओळखीला पैशाचे मोल येते. रानडुकरांचा कळप जमीन नांगरल्यासारखी उलथून टाकतो. सायाळ एकेका रोपाच्या बुडाशी नेटका खड्डा करून कंद काढते, पाला बाजूस टाकते आणि कुंपणाखालून ठरलेल्या वाटेने जाते. कुंपणाच्या फटीत अडकलेला एखादा केस वा काटा हा सर्वांत भक्कम पुरावा. जाहकाने पीक खाल्ले अशी नोंद झाली, तर ती पहिल्या तपासणीतच बाद ठरेल, कारण जाहक कीटक, गांडुळे व लहान प्राणी खातो. शेतकऱ्याच्या पिकाशी त्याचे वैर नाही.

मांसासाठी सायाळीची शिकार फार पूर्वीपासून होत आली आहे. बिळाच्या एका तोंडाशी धूर करून दुसऱ्या तोंडाशी दबा धरणे ही पद्धत अनेक प्रदेशांत आढळते. तिच्यात जोडी, पिल्ले आणि बिळातील अन्य रहिवासी सारेच गुदमरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सायाळ पूर्वी चौथ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, अनुसूचींची फेररचना झाली, तथापि शिकारबंदी कायम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गडचिरोलीतील ग्रामसभांना वनोपजाचे व्यापक अधिकार मिळाले आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत गणले गेले. मात्र त्या कायद्यातही पारंपरिक हक्कांतून शिकार व सापळा लावणे स्पष्टपणे वगळलेले आहे. ज्या समाजाच्या आहारात रानातील प्राण्याला स्थान होते, त्याला हा कायदा नुसता वाचून दाखविणे पुरेसे होत नाही, हेही मान्य करावे लागेल. पीक गमावलेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळाली तर बिळाशी धूर करण्याचे एक कारण तरी कमी होईल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. या नोंदवहीत सायाळीची नोंद करताना गावात वापरले जाणारे नाव प्रथम लिहावे. गोंडी वा माडिया बोलीतील नाव जसे ऐकले तसे देवनागरीत उतरवावे आणि त्यापुढे 'हिस्ट्रिक्स इंडिका' हे शास्त्रीय नाव द्यावे. कोशातून उचललेला प्रतिशब्द तेथे घालू नये. सोबत बिळाची जागा, तोंडांची संख्या, काट्याचे मोजपट्टीसह छायाचित्र, ठशांतील बोटांची संख्या आणि तारीख नोंदवावी. बिळाची नेमकी जागा मात्र केवळ ग्रामसमितीकडील प्रतीत ठेवावी. ती सार्वजनिक फलकावर लावू नये.